तेजाब, चुनखडी आणि आटपाडी

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेस जी मंडळी परमुलखांतून आपापल्या गावी परततात, त्यांतील पुष्कळांचे हात वाचकांनी एकदा नीट न्याहाळून पाहावे, अशी आमची विनंती आहे. बोटांच्या पेरांवर पिवळे डाग आणि नखांच्या कडेने काळे डाग, ही त्या हातांची खूण होय. पिवळा डाग नायट्रिक आम्लाचा, म्हणजे बाजारात ज्यास तेजाब म्हणतात त्याचा. काळा डाग चांदी त्या तेजाबात विरघळून जे द्रव्य होते त्याचा. हे हात गलाईवाल्यांचे आहेत. आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ ह्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील कुटुंबांनी केरळापासून पंजाबापर्यंत गावोगावच्या सराफपेठांत सोने-चांदी गाळण्याची दुकाने मांडली, आणि त्या कमाईवर इकडे माणदेशात विहिरी खणल्या, घरे बांधली, मुलींची लग्ने केली.

यात्रा आटोपली की हीच मंडळी आपले शेत पाहावयास जातात. तेथे डाळिंबाची बाग असते. कोवळी पाने पिवळी पडलेली, मात्र शिरा हिरव्या. ठिबकच्या तोट्यांवर पांढरा कठीण थर बसलेला. ह्या दुखण्याचे मूळ जमिनीतील चुनखडीत आहे. आणि चुनखडी म्हणजे त्या तेजाबाचा उघड वैरी. येणेप्रमाणे आटपाडीचा मनुष्य परमुलखी आम्लावर पोट भरतो आणि घरी आम्लाच्या वैर्‍याशी झगडतो. रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्याशी इतका निकटचा संबंध असलेला दुसरा तालुका महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. असे असता तो धडा येथे शाळेत घोकला जातो, परीक्षेत ओकला जातो, आणि दुकानात व शेतात त्याचे नाव निघत नाही. ह्या अज्ञानाची किंमत फुप्फुसांनी आणि जमिनीने मोजावी लागत आहे. म्हणून हा विषय आज आम्ही मुद्दाम वाचकांपुढे मांडीत आहो.

रसायनशास्त्र म्हटले की आमच्या सुशिक्षितांच्याही कपाळास आठ्या पडतात. वस्तुतः ह्या शास्त्राचा आरंभ प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात नित्य चाललेला असतो. चिंच, आमसूल, लिंबू, ताक ह्यांची आंबट चव ही आम्लाची. विड्याचा चुना, पापडखार, धुण्याचा सोडा, राखेचे पाणी ह्यांचा गुण उलट पक्षाचा. हाताला ती बुळबुळीत लागतात आणि चवीला तुरट-कडवट असतात. ह्या पक्षाच्या मूळ द्रव्यांस आमची पाठ्यपुस्तके आम्लारी म्हणतात, म्हणजे आम्लाचा अरी. शब्द नवा असला तरी चपखल आहे. दोन्ही पक्ष ओळखण्यास विलायती यंत्र नको. सांगलीची पेठ ज्या हळदीसाठी देशभर नावाजली आहे, तीच हळद पुरे. हळदीचा डाग पडलेल्या कापडास साबण लागताच तो लाल होतो, आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. चुन्याने हळद तांबडी होते ह्याच गुणावर आमच्या बायकांचे कुंकू पिढ्यान्‌पिढ्या होत आले. शास्त्रज्ञ ज्यास दर्शक म्हणतात तो आमच्या देवघरातच होता. आम्ही त्यास प्रश्न विचारला नाही, एवढेच.

प्रश्न विचारला तो दुसर्‍यांनी. १८८४ साली स्वान्ते अर्‍हेनियस नावाच्या एका स्वीडिश तरुणाने आपल्या प्रबंधात असे मांडले की, अशी द्रव्ये पाण्यात विरघळली म्हणजे त्यांचे विद्युत्‌भारित कण सुटे होतात. परीक्षकांनी त्या प्रबंधास खालची श्रेणी दिली. पुढे त्याच विचारास १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या मताप्रमाणे आम्लातून हायड्रोजनचे भारित कण सुटतात, आणि आम्लारीतून हायड्रॉक्सिलचे, म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजन ह्यांच्या जोडीचे. दोहोंची गाठ पडली की त्यांचे पाणी होते, आणि दोन्हीकडील जे उरते त्याचे मिळून तिसरे द्रव्य बनते. त्यास क्षार म्हणतात, आणि ह्या सर्व घडामोडीस उदासिनीकरण. आम्ही वकिलीच्या धंद्यातले असल्यामुळे आम्हांस ह्यात कोर्टातील तडजोडनामा दिसतो. वादी व प्रतिवादी दोघेही जहाल. पण तडजोड झाली की दोघांची धार जाते आणि एक शांत दस्तऐवज मागे राहतो. कॉस्टिक सोडा हाताची कातडी सोलतो, हायड्रोक्लोरिक आम्ल फरशी खाते. पण योग्य प्रमाणात दोहोंची गाठ घातली की जे निर्माण होते ते आपल्या ताटातील मीठ.

परंतु प्रत्येक तडजोड समसमान नसते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही सांगावयास नको. जो पक्ष प्रबळ असतो त्याचे वर्चस्व निकालातही राहते. प्रबळ आम्लारी आणि दुर्बळ आम्ल ह्यांचा क्षार आम्लारीच्या अंगाने झुकतो. धुण्याचा सोडा हे त्याचे उदाहरण. प्रबळ आम्ल आणि दुर्बळ आम्लारी ह्यांचा क्षार आम्लाकडे झुकतो; नवसागर, तुरटी आणि खतांतील अमोनियम सल्फेट ही त्याची उदाहरणे. हा झुकाव मोजण्यासाठी १९०९ साली कोपनहेगन येथील सोरेनसेन ह्या शास्त्रज्ञाने जी मोजपट्टी काढली, तिला मराठीत सामू म्हणतात. सात हा तिचा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. पट्टीवर एक घर चढले की फरक दसपट होतो. म्हणून माती-परीक्षणाच्या कागदावर सातच्या जागी आठ अंक दिसला, तर तो फरक थोडा आहे असे कोणी समजू नये.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर करणे अवश्य आहे. शेतकरी 'जमिनीत क्षार आला' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नापीक पांढरी जमीन असते. शाळेतील मुलगा 'क्षार' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात मीठ, मोरचूद, तुरटी, टाकणखार असा एक सबंध वर्ग असतो. दोघेही आपल्या परीने बरोबर आहेत. परंतु बाप आणि मुलगा एकाच शब्दाने दोन निराळ्या गोष्टी बोलतात आणि त्यामुळे मुलाचे शिक्षण बापाच्या उपयोगी पडत नाही. शिक्षण व व्यवहार ह्यांत जी भिंत आमच्याकडे उभी आहे, तिची ही एक वीट होय.

आता गलाईच्या दुकानात जाऊ. जुना दागिना मुशीत घालून टाकणखाराच्या साह्याने वितळवितात. नुसते सोने तेजाबास दाद देत नाही. चांदी व तांबे देतात. पण सोन्याचा भाग अधिक असला तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. म्हणून त्यात आणखी चांदी मिसळून चार भागांत सोने सुमारे एक भाग राहील असे करितात, आणि तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात. ते दाणे तेजाबात उकळले की चांदी व तांबे विरघळून त्यांचे क्षार होतात, आणि तळाशी तपकिरी भुकटी राहते. तीच धुऊन वितळविली की चोख सोने. वरचे पाणी फेकावयाचे नसते. त्यात चांदी आहे. त्यात तांब्याची पट्टी सोडली की तांबे विरघळू लागते आणि चांदी खाली बसते. पाणी निळे होते. किंवा त्यात साधे मीठ टाकले की दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका पडतो. तो सिल्व्हर क्लोराइड, म्हणजे चांदीचा न विरघळणारा क्षार. सोने अधिक शुद्ध पाहिजे असल्यास तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक अशा मिश्रणात, ज्यास आम्लराज म्हणतात, सोनेच विरघळवितात आणि मग त्यातून ते पुन्हा खाली पाडतात. शाळा अर्धवट सोडलेला आमचा माणदेशी गडी हे सारे डोळ्यांच्या अंदाजाने, रंगावरून आणि वासावरून करितो. ह्या कसबाबद्दल आम्हांस आदर आहे. तथापि जेथे अंदाज संपतो तेथे अपघात सुरू होतो, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला अपघात धुराचा. तांबे व चांदी तेजाबात विरघळताना जो तांबूस-तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. ह्या वायूचा दगा असा की तो घशात फारसा अडत नाही, खोल फुप्फुसांत उतरतो, आणि तेथील ओलाव्याशी मिळून पुन्हा आम्ल बनतो. ज्यास तो अधिक प्रमाणात लागला त्यास त्या वेळी थोडा खोकला येऊन बरे वाटते. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरून जीव घाबरा होतो. म्हणून असा धूर अंगावर आलेल्या मनुष्यास बरे दिसत असले तरी दवाखान्यात नेऊन देखरेखीखाली ठेवणे हाच शहाणपणा. रोजच्या थोड्या थोड्या धुराचे परिणामही दीर्घकाळ राहतात. दम्याचा मनुष्य त्यात अधिक भरडला जातो. नाकाला फडके बांधून हा वायू अडत नाही. उपाय आहे तो असा: भट्टीवर धुराडे, धुराड्यात ओढून घेणारा पंखा, आणि तो धूर बाहेर सोडण्यापूर्वी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून नेण्याची सोय. आम्लाचा धूर आणि आम्लारीचे पाणी. तोच पहिला धडा, पण येथे त्यावर प्राण अवलंबून आहेत.

दुसरा अपघात मिसळण्याचा. सराफी कामात मुलामा देण्यास किंवा दागिना उजळण्यास सायनाइड वापरतात. हाही एक क्षारच, दुर्बळ आम्लाचा. त्यास प्रबळ आम्ल भेटले की दुर्बळ आम्ल हाकलले जाते आणि वायुरूपाने बाहेर पडते. तो वायू क्षणात प्राण घेतो. म्हणून तेजाब आणि सायनाइड एका मोरीत, एका बादलीत, किंबहुना एका खोलीतही असू नये. तिसरी गोष्ट पाण्याची. तीव्र आम्ल पातळ करावयाचे तर पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये, कारण उष्णतेने ते उसळून अंगावर येते. आणि अंगावर आम्ल पडलेच तर त्यावर सोडा किंवा चुना चोळू नये; वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावे आणि मग वैद्याकडे जावे. पुस्तकातील उदासिनीकरण भांड्यात करावयाचे आहे, कातडीवर नव्हे.

चौथी गोष्ट सांडपाण्याची. दुकानातील उरलेले आम्ल मोरीत ओतून देणे हा शेजार्‍याच्या घरात दगड फेकण्याचाच प्रकार होय. आणि येथे आटपाडीची जमीन आपल्या मदतीस येते. ज्या चुनखडीच्या गोट्यांनी आमचे शेतकरी हैराण आहेत, त्याच चुनखडीवर आम्ल पडले की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि आम्लाची धार मरते. हिशेबाने पाहता १२६ भाग शुद्ध नायट्रिक आम्लास १०० भाग शुद्ध चुनखडी लागते. पाण्यातील चांदी तांब्याने काढून घ्यावी, तांबे लोखंडाच्या चुर्‍याने काढून घ्यावे, आणि उरलेले आम्ल रुंद तोंडाच्या भांड्यात थोड्या थोड्या चुनखडीने व शेवटी विझलेल्या चुन्याने शमवावे. जो गाळ बसेल तोही उघड्यावर न टाकता निराळा साठवून अधिकृत विल्हेवाटीस द्यावा. ह्यात खर्च आहे. परंतु पाण्याबरोबर वाहून जाणारी चांदी हिशेबात धरली, तर व्यापारी मनुष्यास हा खर्च पटावयास हरकत नाही.

कायद्याचाही दोन शब्दांत विचार करू. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले: विकत घेणार्‍याची ओळख व कारण नोंदवहीत लिहिल्यावाचून विक्री नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलास मुळीच नाही. हे निर्बंध ज्या भगिनींच्या चेहर्‍यांवर आम्ल फेकले गेले त्यांच्या यातनांतून आले आहेत, हे आमच्या दुकानदार बंधूंनी विसरू नये. नोंदवही ठेवणे ही कटकट नव्हे, ती माणुसकी होय. तसेच बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवणे आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांस धोक्याच्या कामास लावणे मना झाले आहे. गलाई धोक्याच्या यादीत कोणत्या कलमाखाली बसते, ह्याचा काथ्याकूट कोणी करू पाहील, तर त्याने तेजाबाच्या तांबूस धुरात पाच मिनिटे उभे राहावे आणि मग युक्तिवाद करावा. भाच्यास किंवा गावच्या पोरास 'धंदा शिकावयास' म्हणून कोवळ्या वयात भट्टीशी बसविणे ही नातेवाइकी नव्हे.

आता घरच्या जमिनीकडे वळू. माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश. जेथे पाऊस भरपूर पडतो तेथे जमिनीतील विरघळणारी द्रव्ये धुऊन जातात; जेथे पाऊस थोडा आणि ऊन फार, तेथे ती मागेच राहतात. म्हणून कोकणची तांबडी जमीन आम्लाकडे झुकते आणि माणदेशची चुनखडीकडे. आपल्या शेतातील मातीवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून पाहावे. ती फसफसली तर चुनखडी आहे असे समजावे. अशा जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास राहतो, आणि त्या सामूवर लोह व जस्त जमिनीत असूनही मुळांस मिळत नाहीत. तिजोरीत रुपये आहेत पण कुलूप लागले आहे, अशी स्थिती. मग पान पिवळे पडते, शिरा हिरव्या राहतात, आणि बागवान दुकानातून खतावर खत आणीत सुटतो. तो खतास दोष देतो, दुकानदार पावसास दोष देतो, आणि कुलपाकडे कोणीच पाहत नाही.

ह्या कुलपाची किल्ली रसायनातच आहे. शेणखत व हिरवळीचे खत जमिनीत कुजले की कार्बन डायऑक्साइड व सेंद्रिय आम्ले निर्माण होतात आणि मुळांभोवतीचा सामू किंचित उतरतो. गंधकाची भुकटी मातीत मिसळली तर सूक्ष्म जंतू तिचे हळूहळू गंधकाम्ल करितात, आणि ते चुनखडीशी भिडून जिप्सम बनते. म्हणजे शेतातच एक लहानसा आम्लाचा कारखाना चालू होतो. युरिया किंवा अमोनियम सल्फेट अशा जमिनीवर नुसते पसरून दिले, तर त्यातील अमोनिया हवेत उडून जातो; मातीआड केले तर तो राहतो. ठिबकच्या तोट्या सौम्य आम्लाने धुण्याची रीत आता बागायतदारांस ठाऊक झाली आहे. परंतु त्याच नळ्यांतून क्लोरीनही सोडतात. ही दोन कामे एकाच वेळी कधीही करू नयेत, कारण आम्ल व क्लोरीनयुक्त चूर्ण एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. ही गोष्ट चूर्णाच्या डब्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते. ती विकणार्‍याने तोंडाने सांगावी अशी आमची सूचना आहे.

ह्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. १९४८ सालापर्यंत औंध संस्थानाखाली असलेल्या ह्या मुलखाने पाण्यासाठी जितकी वाट पाहिली तितकी थोड्यांनी पाहिली असेल. १९९३ साली आटपाडीस पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ह्यांच्यासारख्यांनी दुष्काळी तालुक्यांची मागणी एकत्र आणून लढा दिला. कर्‍हाड तालुक्यातील टेंभूपाशी उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून ह्या बाजूस आणले गेले, हे त्या लोकचळवळीचे यश आहे. कृष्णा माणदेशात आली हे पाहावयास ज्यांचे वाडवडील राहिले नाहीत, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर नवल नाही. परंतु ज्या कृष्णेचे पाणी आले, तिच्याच काठी वाळवा, मिरज, शिरोळ ह्या सुपीक भागांत काय झाले, हे पाहून आटपाडीने शहाणे झाले पाहिजे.

तेथे पाण्याची ददात नव्हती. ऊस होता, पैसा होता. काळ्या खोल जमिनीस वर्षानुवर्षे पाट फोडून पाणी दिले गेले, निचर्‍याकडे लक्ष दिले गेले नाही. खालचे पाणी वर आले, त्याबरोबर विरघळलेले क्षार वर आले, पाणी उन्हाने उडाले आणि क्षार पृष्ठभागी पांढरे फुलून राहिले. पुढची पायरी ह्याहून वाईट. सोडियमचे कण मातीच्या कणांस चिकटले म्हणजे मातीची घडण मोडते, ओली असता चिखल व वाळली असता दगड होते. सामू साडेआठच्या वर जातो. हीच चोपण जमीन. पहिल्या प्रकारास गोड्या पाण्याने धुऊन काढणे व निचरा हा उपाय आहे. दुसर्‍यास नुसते धुणे उपयोगी नाही, आधी जिप्सम घालून त्यातील कॅल्शियमने सोडियमची जागा घ्यावी लागते आणि मग सुटलेला सोडियमचा क्षार निचर्‍यावाटे बाहेर घालवावा लागतो. म्हणजे एका क्षाराने केलेली हानी दुसर्‍या क्षाराने भरून काढावी लागते. कोणता रोग आहे हे न पाहता औषध घालणारा शेतकरी पैसा मातीत घालतो. आणि दोन्ही रोगांस निचरा पाहिजेच. तो नसेल तर सारे व्यर्थ.

माणगंगेच्या काठच्या सखल काळ्या रानांस ही धास्ती आजच आहे, आणि जेथे बोअरचे मचूळ पाणी वर्षानुवर्षे दिले जाते तेथेही आहे. पाण्याच्या समान वाटपाचा आग्रह ह्या तालुक्याने धरिला तो न्यायाच्या दृष्टीने. आम्ही म्हणतो की रसायनाच्या दृष्टीनेही तोच आग्रह खरा आहे. एकाच्या रानात मोकाट सोडलेले पाणी त्याची जमीन बुडविते, आणि तेच पाणी न मिळाल्याने दुसर्‍याचे रान जळते. थोडे पाणी पुष्कळांस, ह्यात दोघांचेही रक्षण आहे.

कोणी म्हणेल, 'आमच्या वडिलांनी सामू पाहिला नाही, आम्लारीचे नाव ऐकिले नाही. त्यांची शेती व गलाई चालली नाही काय?' चालली. पण वडिलांच्या शेतात ठिबक नव्हते, टेंभूचे पाणी नव्हते, दुकानातील औषधांच्या रांगा नव्हत्या. आणि वडिलांचा खोकला कशाचा होता, हे घरात कोणी विचारलेही नव्हते. दुसरा म्हणेल, 'हे सारे सरकारने करावे.' सरकारने करावे हे खरेच. मृद्‌परीक्षणाच्या शाळा आहेत, कसबे डिग्रजसारखी संशोधन केंद्रे जिल्ह्यातच आहेत. परंतु कागदावर आलेला सामूचा अंक वाचता न येणार्‍यास प्रयोगशाळा काय देणार? ज्ञान मागणारा असला तरच देणारा सापडतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय ह्यांनी १८९२ साली कलकत्त्यास तुटपुंज्या भांडवलावर रसायनांचा स्वदेशी कारखाना काढला, तो सरकारने काढून दिला नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्र मराठीत आणिले, तेही कोणाच्या हुकमाने नव्हे. आणि ज्या औंध संस्थानात आटपाडी होती, त्याच संस्थानाच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती शास्त्राला हात लावण्याची भीती नसलेल्या माणसांमुळे.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि करता येण्याजोग्या आहेत. पहिली: आटपाडीच्या बाजार समितीत, जेथे डाळिंबाचे सौदे होतात, तेथे व्यापारी व बागायतदार ह्यांनी मिळून एक मेज मांडावे, त्यावर माती व पाणी ह्यांचा सामू आणि क्षारता पाहण्याची साधने आणि तो अंक समजावून सांगणारा एक पदवीधर असावा. सौद्याच्या उलाढालीपुढे हा खर्च नगण्य आहे. दुसरी: यात्रेच्या दिवसांत गलाई बांधव गावी असतात, तेव्हा त्यांच्यासाठी आठ दिवसांचा वर्ग भरावा; धूर, मिसळणे, भाजणे व सांडपाणी हे चारच विषय, आणि शिकविणारा कॉलेजातील शास्त्राचा अध्यापक व एखादा जाणता गलाईवाला असे दोघे मिळून. तिसरी: शाळांनी हा धडा फळ्यावरून काढून मुलांच्या हाती द्यावा. प्रत्येक मुलाने घरून हळद, चुना, लिंबू आणि आपल्या शेतातील मूठभर माती आणावी. ज्या दिवशी तो मुलगा घरी जाऊन बापास सांगेल की आपल्या रानाची माती आम्लाने फसफसली, त्या दिवशी वर सांगितलेल्या भिंतीची पहिली वीट निखळेल.

स्वराज्य म्हणजे केवळ गादीवरचा मनुष्य बदलणे नव्हे, असे आम्ही नेहमी म्हणत आलो आहो. आपण जे काम करितो ते आपणांस समजले पाहिजे. न समजता काम करणारा मनुष्य दुसर्‍याच्या ज्ञानाचा मजूर असतो. आटपाडीच्या गलाईवाल्याचे हात सोने चोख करितात. ते हात डागळू नयेत, ती छाती धुराने भरू नये, आणि त्या कमाईतून घेतलेले रान पांढरे पडू नये, एवढेच आमचे मागणे आहे. तेजाब बाजारात मिळते आणि चुनखडी रानात आहे. आता ज्ञान तेवढे आणावयाचे आहे, आणि ते कोणी गाडीत भरून आणून देणार नाही. पुढच्या यात्रेपर्यंत त्या मेजासाठी बाजार समितीत पहिला रुपया कोण ठेवतो, हे पाहावयास आम्ही उत्सुक आहो.